झोपडपट्टीमुक्त चंडीगढ : कोणापासून मुक्त?
(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात, २१ ते २५ तारखांना, आपल्या पक्षाचे पंचविसावे अखिल भारतीय अधिवेशन चंडीगढला भरले. ते संपून आठवडा उलटतो न उलटतो तोच त्याच शहरातील सेक्टर ३८ च्या शाहपूर वसाहतीवर बुलडोझर फिरला आणि चंडीगढ आता झोपडपट्टीमुक्त झाले, असा डांगोरा पिटण्यात आला. हे शहर नेमके कोणापासून मुक्त झाले, याचा विचार आज करावयाचा आहे.

फाळणीत लाहोर गेले म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती. ल कार्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पकाराने आपल्या सहकाऱ्यांसह तिचा आराखडा केला आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी शहराचे उद्घाटन केले. तेथील विधानसभा, उच्च न्यायालय आणि सचिवालयाच्या परिसराला २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. या वास्तू थोर आहेत, यात वाद नाही. परंतु त्या यंत्रांनी उभारलेल्या नाहीत. डोक्यावर काँक्रीटची घमेली घेऊन उतरणी चढणाऱ्या मजूर स्त्रीपुरुषांनी त्या उभारल्या. त्या काळच्या छायाचित्रांत हे मजूर दिसतात. आराखड्यात मात्र त्यांच्या घरासाठी जागा सापडत नाही. सरकारी नोकरांसाठी घरांचे तेरा प्रकार ठरले होते, मंत्र्यापासून शिपायापर्यंत. ज्याचे नाव सरकारी वेतनपटावर नाही, त्याच्यासाठी चौदावा प्रकार कोणी आखला नाही. मग बांधकामावरच्या मजुरांनी आपला प्रकार आपणच उभा केला, आणि कायद्याने त्याला 'अनधिकृत' हे नाव दिले. मधु सरीन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात ही प्रक्रिया सविस्तर मांडली आहे.

कोणी म्हणेल, या शहराच्या नकाशात जात कोठे आहे? येथे ब्राह्मणआळी नाही, महारवाडा नाही, नुसते क्रमांक दिलेले सेक्टर आहेत. खरे आहे. नकाशात जात लिहिलेली नाही, पगार लिहिलेला आहे. उत्तरेकडे डोंगराच्या पायथ्याशी ऐसपैस भूखंड आणि विरळ वस्ती. दक्षिणेकडे जावे तसतशी घरे लहान आणि माणसे दाट. परंतु ज्या समाजात झाडूचे काम पिढ्यान्पिढ्या एकाच जातीच्या वाट्याला येते, तेथे पगाराप्रमाणे घर देणे म्हणजे बव्हंशी जातीप्रमाणे घर देणे होय. २०११ च्या जनगणनेनुसार शहराच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १९ टक्के आहे. हे लोक कोणत्या सेक्टरात राहतात आणि कोणत्या सेक्टरात कामाला जातात, हे पाहिले की कार्बुझिएच्या सरळ रेषांखालची मनूची रेषा दिसू लागते. साऱ्या शहराचा कचरा पश्चिमेच्या टोकाला डड्डूमाजरा येथे नेऊन टाकला जातो. त्या ढिगाच्या शेजारी श्रीमंतांचा सेक्टर नाही, कष्टकऱ्यांची वसाहत आहे. हा योगायोग समजावा काय?

आता पुनर्वसनाविषयी. २००६ साली प्रशासनाने झोपड्यांची बायोमेट्रिक पाहणी केली आणि लहान सदनिकांची योजना जाहीर केली. धनास येथे ८,४४८ सदनिका उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी त्यांचे उद्घाटन केले. ज्यांना पक्के घर मिळाले त्यांच्या जीवनात फरक पडला, हे आपण नाकारू नये. परंतु घर मिळाले ते परवान्यावर, मालकीने नव्हे. पाहणीनंतर आलेला मजूर यादीबाहेर राहिला. कारखान्याला नवा मजूर दरवर्षी लागतो, यादी मात्र २००६ ला थांबलेली! औद्योगिक क्षेत्रातील चार नंबरची कॉलनी पाडण्यासाठी प्रशासनाने जो दिवस निवडला तो होता १ मे २०२२. कामगारदिनीच कामगारांची घरे पडली. मुद्दाम तो दिवस निवडला असेल असे मला वाटत नाही. तो दिवस कोणता आहे याची त्यांना आठवणच नसावी, आणि हे अधिक वाईट.

याचा जाब कोणाला विचारायचा? येथे कॉम्रेड्सनी विशेष लक्ष द्यावे. १९६६ पासून चंडीगढ केंद्रशासित आहे. त्याला स्वतःची विधानसभा नाही. १९८४ पासून पंजाबचे राज्यपाल हेच प्रशासक आहेत. ते नेमलेले असतात, निवडलेले नव्हेत. जमीन आणि घरे प्रशासनाच्या हाती. महानगरपालिका १९९४ ची, पहिली निवडणूक १९९६ ची. तिच्याकडे पाणी, रस्ते, कचरा आणि अनुदानासाठी पसरलेला हात. ज्याला मत दिले तो नगरसेवक घर वाचवू शकत नाही आणि जो घर पाडतो त्याला मत देण्याची सोयच नाही.

महापौराची मुदत अवघी एक वर्षाची. तेवढेही सत्ताधाऱ्यांना सहन झाले नाही. ३० जानेवारी २०२४ रोजी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या महापौरपदाची निवडणूक झाली. आम आदमी पक्ष व काँग्रेसचे संयुक्त उमेदवार कुलदीपकुमार यांच्या बाजूला २० मते होती, भाजपच्या बाजूला १६. पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांनी आठ मते बाद ठरविली आणि १२ विरुद्ध १६ असा निकाल लावला. मतपत्रिकांवर खुणा करताना ते कॅमेऱ्यात दिसले. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारीला तो निकाल रद्द करून कुलदीपकुमार यांना विजयी घोषित केले. न्याय मिळाला, हे खरे. पण ३६ मतांच्या मोजणीसाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, तेथे झोपडीवाल्याच्या नावाच्या यादीचे काय होत असेल?

महाराष्ट्रातल्या कॉम्रेड्सना हे दूरचे वाटू नये. १९८१ च्या जुलैत अंतुले सरकारने मुंबईच्या पदपथांवरील माणसे बसगाड्यांत कोंबून शहराबाहेर धाडली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले, आणि त्याच निकालात रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्यास वाटही ठेवली. बुलडोझर आजही त्याच वाटेने येतो. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे चंडीगढची व्यवस्था आपल्या दारी येऊन गेली आहे.

आणखी एक गोष्ट, जी बोलताना आपल्यालाही जड जाते. चंडीगढच्या पाडलेल्या वस्त्यांतील पुष्कळ मजूर उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले. तेथेही त्यांना 'भैया' म्हणून हिणवतात. २००८ मध्ये आपल्याकडे याच मजुरांवर हल्ले झाले, तेव्हा आपल्या काही युनियनांतले सभासददेखील गप्प राहिले होते. घर पाडले जाते तेव्हा शेजारचा मराठी दलित आणि हा परप्रांतीय मजूर एकाच नोटिशीचे धनी असतात. मोर्चात मात्र ते वेगवेगळे चालतात. म्हणून वस्ती समित्या बांधताना भाषेची अट घालू नये. पाहणीची यादी भिंतीवर लावून घ्यावी, वगळलेल्यांची नावे आपण स्वतः दारोदार फिरून टिपावीत, आणि जमीन कोणत्या खात्याच्या नावे आहे हे नोटीस येण्यापूर्वी माहीत करून घ्यावे. नोटीस आल्यावर ते शोधायला सहसा तीन दिवसही हाती उरत नाहीत.