मांजरीची बाळंतपणाची रजा



गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका गटाराच्या काठी मांजरी आणि तिची चार पिल्ले सापडली, ती आम्ही खोक्यात घालून घरी आणली. पिल्लांचे डोळे मिटलेले. म्हणजे जेमतेम आठवड्याची. आम्हांला आधी सुचले ते गाईचे दूध. तीच चूक! त्याने पिल्लांना हगवण लागते. खायला घालायचे ते आईला, आणि एरवीच्या दुप्पट. तिने चाटल्यावाचून एवढ्याशा पिल्लाला लघवीसुद्धा होत नाही. ओल्या कापसाने ते आपल्यालाही करता येते, पण दर दोन-तीन तासांनी, रात्रीदेखील. तिन्ही पाळ्या एकटीने करणारी कामकरीण आम्ही तीच पाहिली.

एक पिल्लू मात्र वाढेना. रोज दहाएक ग्रॅम तरी वजन वाढायला हवे. इतरांना बाजूला ठेवून त्याला आधी पाजू लागलो, तेव्हा कुठे काटा हलला.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ मध्ये झाला. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली. मांजरीचे मागणे अवघे आठ आठवड्यांचे, तरी लोक चौथ्यातच पिल्ले मागायला येतात. आम्ही दिली नाहीत. अंगावर पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून तिला घराबाहेर सोडले नाही. पिल्लांचे दूध सुटल्यावर ऑपरेशन करून घेतले.

दोन पिल्ले कल्याणला गेली, एक ठाण्याला. काट्यावरचे ते आईपाशी, आमच्याच घरी आहे.