क्यूबला नंबर असतो

(तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय.)



मला विषय दिलाय 'बांधकाम व्यवसायातील व्यवस्थापन'. पत्रिकेवर तसं छापलंय. वाचून आधी हसूच आलं. पस्तीस वर्षं साईटवर काढली, सुपरवायझर म्हणून आत शिरलो, प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून बाहेर पडलो. एवढ्या वर्षांत व्यवस्थापन म्हणजे काय ते मला एवढंच कळलं, की कशाची नोंद ठेवायची आणि कशाची ठेवायची नाही हे कुणीतरी ठरवतो. बाकी बार चार्ट, क्रिटिकल पाथ, भिंतीवर रंगीत पट्ट्या, ते सगळं साहेबलोक साईटवर येतात तेव्हा दाखवायला.

हे मला कॉलेजात नाही कळलं. आईकडून कळलं.

१९७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. आमच्याकडे मराठवाड्यात तेव्हा माणसं दोनच ठिकाणी दिसायची, एक विहिरीच्या काठावर आणि दुसरं खडी फोडायच्या कामावर. आई खडी फोडायची. मजुरी रोजावर नव्हती, मापावर होती. फोडलेल्या खडीचा ढीग लावायचा, मुकादम टेप घेऊन यायचा, लांबी-रुंदी-उंची घ्यायचा आणि वहीत लिहायचा. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. आईला ब्रास माहीत नव्हता, घनफूट माहीत नव्हता. पण किती पाट्या ओतल्या ते तिला पक्कं माहीत होतं. दहा पाट्या झाल्या की पदराच्या टोकाला एक गाठ मारायची. संध्याकाळी गाठी सोडत बसायची आणि म्हणायची, "ढीग कालच्याएवढाच हाय, मग पैसे कमी कसे?" मुकादम म्हणायचा, "म्हातारे, वहीत हाय ते हाय." आई तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती.

पदराची गाठ आणि मुकादमाची वही. दोन्ही हिशेबच. पण पैसे वहीवर मिळायचे.

पुढं आम्ही मुंबईला आलो, चेंबूरच्या बाजूला झोपडं टाकलं. बापानं नाक्यावर उभं राहून बिगारी केली आणि मला सिव्हिलचा डिप्लोमा करवला. बापाच्या डोक्यात एकच होतं, पोरगा टेप धरणारा झाला पाहिजे. १९८८ साली मी टेप धरला. पहिल्या दिवशी साहेबानं आडनाव विचारलं. सांगितलं. "अच्छा" म्हणाला. तो अच्छा मला अजून ऐकू येतो. पण आज ते सांगायचं नाही.

सांगायचंय ते हे, की टेप धरून मी काय मोजलं.

सिमेंट मोजलं. गोणी ५० किलोची, आकारमान साधारण ३५ लिटर, म्हणून खडी-वाळू मोजायचा फर्माही ३५ लिटरचा. फर्मा शिगोशीग भरतात की वरून रंधा मारून सपाट करतात, यावर मी उभं राहून लक्ष ठेवायचो. सळई मोजली. तुमच्यात डिप्लोमावाले असतील त्यांना माहीत आहे, व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं, की मीटरला किती किलो ते निघतं. १२ ची सळई मीटरला ०.८९ किलो. महिन्याला किती टन आली, किती लागली, किती तुकडे भंगारात गेले, हा ताळा जुळला नाही तर माझी मान धरली जायची. हातभर तुकडासुद्धा हिशेबाबाहेर नसायचा.

काँक्रीटचं तर विचारूच नका. स्लॅब भरला की त्यातलंच काँक्रीट घेऊन १५ सेंटिमीटरचे ठोकळे पाडायचे. त्यांना क्यूब म्हणतात. प्रत्येक क्यूबवर नंबर आणि तारीख लिहायची, चोवीस तासांनी साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत ठेवायचा. काही सात दिवसांनी फोडायचे, काही अठ्ठावीस दिवसांनी, आणि किती ताकदीला फुटला ते रजिस्टरात लिहायचं. स्लॅबलासुद्धा निदान सात दिवस पाणी पाजायचं, कोडमध्ये तसं लिहिलेलं आहे. उन्हाळ्यात टँकर आला की आधी स्लॅबला पाणी. घमेली वाहणाऱ्या बायका हंडा घेऊन टँकरजवळ आल्या तर वॉचमन हाकलायचा. मी ते बघत होतो आणि क्युरिंगच्या रजिस्टरात बरोबरची खूण करत होतो.

आणि माणसं? माणसांची पण वही होती. कच्ची वही. त्यात असं लिहायचो: गवंडी ६, फिटर ४, सुतार ५, बिगारी ११, बाई ७. खाली तारीख, माझी सही.

नाव नाही. लक्षात घ्या, एकही नाव नाही. आणि मी काही वाईट माणूस नव्हतो. मला तसंच शिकवलं होतं आणि मला ते बरोबर वाटत होतं.

आता वर्ष सांगतो, १९९१. जागा सांगत नाही, मालकाचं नाव सांगत नाही. नवी मुंबईत सात मजल्यांचं काम होतं. पाच मीटर गाळ्याचा स्लॅब. साडेचार मीटरच्या वर गाळा असेल तर खालचे टेकू चौदा दिवस काढायचे नाहीत, हा नियम. पण प्लेटा आणि बल्ल्या भाड्याच्या, रोजाचं भाडं चढतंय, वरचा स्लॅब थांबलाय, प्रोग्रॅम मागं पडलाय. आठव्या दिवशी वरून हुकूम आला, खोला. मी म्हणालो, साहेब, चौदा दिवस. साहेब म्हणाले, सात दिवसांचा क्यूब पास झालाय ना? क्यूब पास झाला होता. मी गप्प बसलो.

टेकू काढले, प्लेटा काढल्या, आणि एका कोपऱ्यातला स्लॅब खाली आला. खाली एक बिगारी प्लेटा गोळा करत होता. दवाखान्यात न्यायच्या आधीच गेला.

पोलीस आले. ठेकेदार म्हणाला, हा आमचा माणूसच नाही, पाणी प्यायला आत शिरला होता. पोलिसांनी मला विचारलं, तुम्ही ओळखता का? नाव काय याचं?

मी म्हणालो, नाव माहीत नाही.

खरं होतं हो ते! मला नाव माहीतच नव्हतं. दीड महिना तो माझ्या डोळ्यांसमोर घमेली वाहत होता आणि माझ्या वहीत तो "बिगारी ११" मधला एक होता. मी खोटं बोललो नाही, आणि ठेकेदाराला हवं होतं तेच झालं. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून आहे. पण तिथं पहिला प्रश्न असतो, हा माणूस तुमच्याकडे कामाला होता कशावरून? कशावरूनच नव्हतं. त्याची बायको त्याच साईटवर होती, "बाई ७" मधली एक. तिला हातात थोडे पैसे देऊन संध्याकाळच्या गाडीनं गावी लावलं. गाव कुठलं ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी टाकीपाशी गेलो. त्याच स्लॅबचे अठ्ठावीस दिवसांचे क्यूब पाण्यात पडले होते. नंबर होते, तारीख होती, अक्षर माझंच. काँक्रीटची जन्मपत्रिका मी लिहिली होती.

(इथं मी थोडा थांबलो होतो. पुढं वाचा.)

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. शर्टाच्या खिशात बसेल अशी डायरी. रोज सकाळी हाजरीच्या वेळी प्रत्येकाचं नाव, गाव, कुणाच्या टोळीतला, किती दिवस भरले, खाडा किती. सहकारी हसायचे. म्हणायचे, जनगणना चाललीय काय रे? एका मुकादमानं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, साहेब, नावं लिहू नका, लेबर बिघडतं. बघा, नाव लिहिल्यानं माणूस बिघडतो!

मुकादमाला ते का सलतं, हे समजायला साखळी समजली पाहिजे. वर बिल्डर. त्याच्याखाली मुख्य ठेकेदार. त्याच्याखाली लेबर ठेकेदार, सेंटरिंगचा वेगळा, सळईचा वेगळा, प्लास्टरचा वेगळा. त्याच्याखाली मुकादम, आणि मुकादमाखाली गावाकडून उचल देऊन आणलेली जोडी, म्हणजे नवरा-बायको. वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर पैसा थोडा गळतो आणि जोखीम सगळी खाली येते. बिल्डरनं बिल अडकवलं की ठेकेदार मुकादमाला सांगतो, पैसे आले की देतो. मुकादम आठवड्याला नुसती खर्ची देतो, पीठ-मिठापुरती. हिशेब दिवाळीला. दिवाळीला मुकादमाच्या वहीत उचल, खर्ची, खाडे सगळं असतं, आणि शेवटी निघतं ते असं की तूच मला देणं लागतोस. माझ्या आईचा ढीग तो हाच.

बाईचा तर हिशेब वेगळा निघतच नाही, जोडीचा निघतो. पस्तीस वर्षांत मी घमेलं वाहणाऱ्या शेकडो बायका पाहिल्या. थापी हातात आलेली, गवंडी झालेली एकही पाहिली नाही. बिगारी पोरगा दोन-तीन वर्षांत गवंड्याच्या हाताखाली शिकून ओळंबा धरायला लागतो. बाई म्हातारी होईस्तोवर घमेल्याखालीच. आणि गटाराची लाईन, सेप्टिक टाकी, जुन्या संडासाची तोडफोड आली की मुकादम कुणाला हाक मारतो ते मी या सभेत सांगायला नको.

आता कायद्याचं. तुम्ही म्हणाल, कायद्यानं काय होतं? थांबा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, आणि केंद्र सरकारचं बांधकाम खातंही तेव्हा त्याच दारात होतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. कायदा कसा वाचायचा ते आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

१९७० चा कंत्राटी कामगार कायदा म्हणत होता, पगार मूळ मालकाच्या माणसासमोर वाटायचा, आणि ठेकेदारानं बुडवला तर मूळ मालकानं द्यायचा. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चाच्या १ टक्का उपकर घ्यायचा, त्याचा निधी, त्यातून कामगाराला मदत. महाराष्ट्रात त्याचे नियम यायला २००७ उजाडलं. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं देशभराचा हिशेब मांडला. उपकराचे ३७,४०० कोटींहून जास्त जमा, आणि खर्च सुमारे ९,५०० कोटी. पैसा होता, माणूस सापडत नव्हता! कसा सापडेल, आम्हीच तर त्याला "बिगारी ११" करून ठेवला होता.

हे जुने कायदे आता २०२० च्या कोडांमध्ये मिसळलेत आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते कोड लागू झालेत. एक गोष्ट वाईट झाली. पूर्वी २० माणसं लावणारा ठेकेदार कंत्राटी कायद्याखाली यायचा, आता ५०. म्हणजे आता ४९ माणसांचे ठेकेदार बघा कसे पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतात. पण दोन गोष्टी राहिल्यात. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालक देणं लागतो, हे राहिलंय. आणि मंडळात नोंदणीची अटही तीच राहिलीय, वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम.

नव्वद दिवस. सगळी मेख इथं आहे. नाक्यावरचा माणूस वर्षात पंचवीस-तीस ठिकाणी काम करतो. कुठं दोन दिवस, कुठं आठ. दाखला कोण देणार? ठेकेदार सही करत नाही, सही केली की तो मालक ठरतो. म्हणून ज्याचे दोनशे दिवस भरलेत त्याच्याकडे नव्वदाचा पुरावा नसतो, आणि ज्यानं आयुष्यात घमेलं उचललं नाही असा पुढाऱ्याचा भाचा कार्ड घेऊन भांड्यांचा संच घरी नेतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

तुमच्यातले कितीजण सिव्हिल करताहेत? हात वर करा. सात, आठ... बारा. उद्या तुम्ही साईटवर जाल. तुम्हाला हेल्मेट मिळेल, टॅब मिळेल, त्यात प्रोग्रॅम असेल. हल्ली ॲल्युमिनियमच्या फॉर्मवर्कनं आठवड्याला एक मजला चढवतात, तुम्हाला त्याची नशा येईल. मलाही आली होती. साहेब म्हणतील, आपल्यातला आहेस, हुशार आहेस. आणि सकाळी तुमच्या हातात हाजरीची वही देतील, तिच्यात रकाना असेल फक्त आकड्याचा. तेव्हा तुम्ही काय करणार आहात, एवढंच मला आज विचारायचं होतं. नोकरी सोडा असं मी म्हणत नाही. मीही सोडली नाही, पोरं होती. रकान्याच्या बाजूला जागा असते. तिथं नाव लिहा. टेकू काढायचा हुकूम तोंडी आला तर साईट ऑर्डर बुकात लिहून मागा. लिहून मागितलं की दहातले सात हुकूम आपोआप मरतात. हे मला १९९१ साली माहीत नव्हतं.

आणि जे सिव्हिलवाले नाहीत त्यांच्यासाठी काम आहे. माझ्याकडं त्या डायऱ्या आहेत, एकोणतीस भरल्या. त्यातल्या तीन मी वेगवेगळ्या वेळी मजुरांच्या दाव्यात हजर केल्या. दोन दावे निघाले, एक पडला. पडला तो का, तर मी त्या महिन्यात रजेवर होतो आणि पानं कोरी होती. म्हणून एकट्याच्या डायरीचं हे काम नाही.

येत्या सोमवारपासून आम्ही चारजण सकाळी सहा वाजता नाक्यावर बसणार आहोत. माणूस कामाला निघाला की नाव, कुणाबरोबर, कुठं. परत आला की किती मिळाले. ज्याला लिहिता येतं त्याच्या खिशात त्याची स्वतःची वही, ज्याला येत नाही त्याची आम्ही लिहू आणि त्यालाच देऊ. नव्वद भरले की ती वही घेऊन वॉर्डात जायचं. तिथं हाकलतील, परत जायचं. यायचं असेल त्यांनी नाव इथं पुढच्या टेबलावर द्या. आणि येताना पेन दोन आणा, नाक्यावर पेन फार हरवतात.