खेड्यापाड्यांतील मुखारोग्य : तपासणीपासून उपचारापर्यंत



ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील तानसा जलाशयाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईस जात आहे. पुढे भातसा धरणाच्या पाण्याचीही त्यात भर पडली. ज्या महानगराची तहान या तालुक्याने भागविली, त्याच महानगरात १९३३ साली नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय स्थापन झाले आणि दंतवैद्यकाच्या शिक्षणाची व उपचारांची मोठी परंपरा उभी राहिली. पाणी उताराने शहराकडे गेले. दंतविद्येला मात्र उलट्या दिशेने, चढ चढून, शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांपर्यंत जावयाचे आहे, आणि हा प्रवास अद्याप पुरा झालेला नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांहून अधिक, तर मुरबाडची दोन लाखांच्या जवळपास होती. १९८५ च्या आदेशानुसार शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली या जमातींची वस्ती येथे विखुरलेली आहे. आग्रा महामार्गावर अथवा कल्याण–माळशेज रस्त्यावर असलेल्या गावाला दवाखाना गाठणे फारसे कठीण नाही. परंतु डोळखांबच्या मागे, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या पाड्यावरील माणसाला दाढदुखीसाठी तालुक्याला जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे होय. दात वाचवावयाचा तर बहुधा दोन-तीन खेपा कराव्या लागतात; दात काढावयास मात्र एकच खेप पुरते. यास्तव गरीब माणूस दात वाचविण्याऐवजी काढण्याचाच मार्ग पत्करतो. यात केवळ अज्ञान नसते, हिशेबही असतो.

दुर्लक्षित दात आणि तंबाखू

तालुक्याला जाणे जमले नाही, तर दुखणाऱ्या दाढेचे काय होते, हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे. ग्रामीण महाराष्ट्रात दाढ ठणकू लागली की तेथे तंबाखू दाबून धरण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. स्त्रिया तव्यावर तंबाखू भाजून तिची मशेरी करतात आणि सकाळी ती दातांना लावतात. तिने दात बळकट होतात, दुखणे थांबते, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. प्रारंभी दिवसातून एकदा लावली जाणारी मशेरी पुढे दोनदा, तीनदा लागू लागते आणि उपाय म्हणून आलेली वस्तू व्यसन होऊन बसते. उपचाराविना राहिलेला दात हा अशा रीतीने तंबाखूसाठी घराचे दार उघडून देतो. म्हणूनच दंतोपचाराची उपलब्धता हा केवळ दातांपुरता प्रश्न राहत नाही. तो कर्करोगप्रतिबंधाचाही प्रश्न ठरतो.

या संबंधाची जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची घरोघरी जाऊन तपासणी करण्यात आली होती. डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधीच्या अवस्था यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला निकट संबंध अशा संशोधनातून पुढे आला. त्यानंतर १९९२ साली केंद्र शासनाने दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास मनाई केली. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरीही २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले, आणि २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरीत होते. बाजारातील मंजनाला कायदा रोखू शकतो. चुलीवर भाजलेल्या मशेरीला रोखण्यासाठी मात्र दुखण्यावरचा दुसरा उपाय हाताशी असावा लागतो.

शासकीय व्यवस्था

अशी व्यवस्था कागदावर नाही, असे म्हणता येणार नाही. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. त्याच्या वरच्या पायरीवर मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आहे. २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांमध्ये मुखारोग्याचाही समावेश करण्यात आला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत.

बालकांच्या बाबतीत तर या परिसराचा विशेष उल्लेख करावयास हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला आणि पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमानुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोन वेळा व शाळेतील मुलांची एक वेळा तपासणी व्हावयाची असते. त्यातील तीस आरोग्यदोषांच्या यादीत दंतक्षयही आहे.

तथापि तपासणी म्हणजे उपचार नव्हे. पथकाने तक्त्यात ‘दंतक्षय’ अशी खूण केली आणि मूल आश्रमशाळेच्या वर्गात परत जाऊन बसले, तर त्याच्या दातातील कीड त्या खुणेमुळे थांबत नाही. खूण केल्यापासून दात भरला जाईपर्यंत जी वाट आहे, तिच्यावर मुलाचा हात धरून चालणारा कोणी तरी असला पाहिजे. शहापूर व मुरबाडच्या मुखारोग्याचे यशापयश याच टप्प्यावर ठरणार आहे.

शिक्षक, पंचायत व आरोग्यसेवक यांचे कार्य

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरते. मूल सहा वर्षांचे होण्याच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. दुधाचा एकही दात न पडता ती येत असल्याने पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ती किडली तरी ‘पडेल व पुन्हा येईल’ म्हणून स्वस्थ राहतात. ही दाढ पुन्हा येत नाही. पहिली-दुसरीच्या वर्गातील शिक्षकाने एवढी एक गोष्ट पालकसभेत सांगितली, तरी कित्येक दाढा आयुष्यभरासाठी वाचतील. आश्रमशाळांत रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराईडयुक्त टूथपेस्टने दात घासण्याचा पाठ दिनक्रमात बसविता येईल. त्यासाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरे होते. राखुंडीने अथवा विटेच्या भुकटीने दात घासल्यास ते झिजतात, हेही मुलांना समजावून सांगावे.

प्रत्येक पाड्यावर दंतवैद्याची खुर्ची व यंत्रे नेणे शक्य नाही. परंतु दातातील कीड हाताच्या उपकरणांनी काढून तो भाग विशिष्ट सिमेंटने भरण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात टांझानियात विकसित झाली. तिला वीज लागत नाही आणि ड्रिल यंत्रही लागत नाही. कीड थोपविण्यासाठी लावावयाच्या सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईडचा आणि अशा सिमेंटचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. या औषधाने किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगणे अगत्याचे आहे. प्रशिक्षित दंतवैद्य आश्रमशाळेच्या वर्गखोलीतही असे उपचार करू शकतो.

शिबिरांच्या तारखा ठरवितानाही लोकजीवनाचा विचार व्हावयास हवा. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारी-फेब्रुवारीत पाड्यावर भरविलेल्या शिबिराला ज्यांना सर्वाधिक गरज असते, तीच माणसे नसतात. अशा वेळी शिबिर भट्टीवर न्यावे, किंवा भातलावणी आटोपल्यानंतर व दिवाळीपूर्वी पाड्यावर घ्यावे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य याहून मोठे आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत दर तीन महिन्यांनी एकच प्रश्न विचारला जावा : तपासणीत दोष आढळलेल्या किती मुलांना प्रत्यक्ष उपचार मिळाले? ज्यांना मिळाले नाहीत, त्यांची नावे शाळा, आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडून घेऊन ठरलेल्या एका दिवशी एकाच वाहनाने त्यांना रुग्णालयात नेता येईल. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींना मिळणाऱ्या पेसा अबंध निधीत आरोग्याच्या कामांनाही स्थान आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तिच्या अंमलबजावणीकडेही पंचायतीने लक्ष द्यावे.

तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांच्या मुखतपासणीसाठी आशा कार्यकर्तीचा शब्द उपयोगी पडतो, कारण मशेरी लावणारी बाई डॉक्टरपुढे बोलत नाही, पण आशाताईपुढे बोलते. तोंडात पांढरा अथवा लाल चट्टा दिसणे, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम असणे, स्वतःची तीन बोटे उभी मावतील एवढेही तोंड न उघडणे, ही लक्षणे आढळताच आरोग्य केंद्रात जावयास हवे. या अवस्थेत निदान झाले तर जीव वाचण्याची शक्यता मोठी असते. पुढील उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. मात्र ‘मशेरी सोडा’ एवढे सांगून काम भागणार नाही. जिचा दात दुखतो तिच्या दातावर आधी उपचार व्हावेत. मग सवय सोडण्याचा सल्ला तिच्या कानाआड होणार नाही.

दातदुखीने कोणी मरत नाही, असे म्हणण्याची रीत आहे. परंतु दाढदुखीवर धरलेली तंबाखू पुढे जीव घेऊ शकते, आणि भाकरी चावता न येणारे मूल पानावर अर्धे अन्न टाकून उठते. शहापूर आणि मुरबाडमधील प्रत्येक शाळेने व पंचायतीने तपासणीच्या तक्त्यात ‘उपचार पूर्ण’ असा आणखी एक रकाना आखावा आणि तो रिकामा राहू देऊ नये. दंतोपचार पाड्यापर्यंत पोहोचला किंवा नाही, याची साक्ष तोच रकाना देईल.