मास्टर विठ्ठल, ब्रूस ली आणि माझी तोंडी परीक्षा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



ओळख करून देताना सर आत्ता म्हणाले, "ही वर्गात फार शांत होती." सर, शांत नव्हते हो मी! घरी गोरमाटी, शाळेत मराठी. तोंडातून कोणता शब्द निघेल आणि वर्ग हसेल, याची धास्ती असायची. ती शांतपणात खपून गेली.

रामनवमीच्या यात्रेतला ताडपत्रीचा व्हिडिओचा तंबू आठवतो ना? एका वर्षी त्यात ब्रूस ली लागला होता. इंग्रजीत. कोणाला एक वाक्य कळलं नाही आणि कोणाचं काही अडलंही नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं "हूऽ हाऽ" करत एकमेकांच्या अंगावर. त्यात एकाचा दात पडला. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव सांगत नाही.

ब्रूस ली नुसता पडद्यावरचा लढवय्या नव्हता. हाँगकाँगमध्ये इप मॅन यांच्याकडे तो विंग चुन शिकला, पुढे अमेरिकेत स्वतः शिकवायचा. पण १९७१ च्या 'द बिग बॉस'मध्ये आवाज त्याचा नाही. चित्रपट मँडरिन भाषेतला, आणि हा बोलणारा कँटोनीज. तिथे तेव्हा चित्रीकरण मुकंच करत आणि आवाज नंतर भरत, बरेचदा दुसऱ्याचाच. त्यामुळे त्याची भाषा कुठे आडवी आली नाही.

आपल्याकडच्या एका माणसाला मात्र ती आडवी आली. मास्टर विठ्ठल. लहानपणी नाटक मंडळीत, मग कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. 'कल्याण खजिना'त ते नर्तकी होऊन नाचले. अंगात मात्र कुस्ती. मुंबईच्या शारदा कंपनीने ते ओळखलं आणि १९२६ च्या 'रतन मंजरी'त त्यांना नायक केलं. मग काय, तलवारी, उड्या, मारामाऱ्या! मूकपटांच्या काळात लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. कुंग-फू चित्रपटांच्या कितीतरी आधी आपल्याकडे एक पैलवान हेच करत होता, हे मलाच चाळिशीत कळलं.

आणि १९३१ मध्ये बोलपट आला. 'आलम आरा'त अर्देशीर इराणींना नायक हवा होता तो विठ्ठलच. शारदाचा करार मोडला म्हणून खटला झाला, तेव्हा विठ्ठल यांच्या बाजूने वकील उभे राहिले महंमद अली जीना. खटला जिंकला, भूमिका मिळाली. पण संवाद उर्दूमिश्रित हिंदी, आणि विठ्ठल मराठी. आवाज चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित व्हायचा, मागून दुसऱ्याचा भरायची सोय नव्हती. तेव्हा उपाय काय काढला? नायकाला बराच वेळ गुंगीतच ठेवला. देशातला पहिला बोलपट, आणि नायक गप्प!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी माझी तोंडी परीक्षा झाली, तेव्हा प्रोग्राम माझा, चालत होता, प्रश्नांची उत्तरं येत होती. इंग्रजीत तोंड उघडेना. परीक्षकांनी विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय का?" मी मान हलवली, तीही धड हलली नाही. पुढची चार वर्षं गटाच्या प्रोजेक्टमध्ये लिहायची मी आणि बोलायची मैत्रीण. माझीही गुंगीच ती.

इथवर सांगून थांबले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण मागच्या वर्षी कंपनीत मुलाखती घ्यायला मी बसले होते. पुसदकडचा एक मुलगा आला. गणित अचूक सोडवलं, मग समजावून सांगताना अडकला. मी मराठीत विचारू शकले असते. शेजारी दोन सहकारी होते, त्यांच्यापुढे मला ते कसंसंच वाटलं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "संवादकौशल्य कमी." रात्री आठवलं. सकाळी शेरा बदलायला गेले, तोवर जागा भरली होती.

विठ्ठल यांचं पुढे बरं झालं. ते मराठी चित्रपटांत आले, भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्येही दिसले. १९६९ मध्ये गेले. 'आलम आरा'ची मात्र एकही प्रत उरलेली नाही, त्यामुळे ते गप्प नायक कसे दिसत होते, ते आपल्याला पाहता येत नाही.

तर बॅचच्या वर्गणीतून संगणक घ्यायचं चाललंय, ते जरूर घ्या, माझा वाटा मी देते. पण मुख्याध्यापक सर, मला एक खोलीही हवी आहे. दिवाळीत मी आठ दिवस गावात आहे. अकरावी-बारावीची, कॉलेजची पोरं पाठवा. रोज दोन तास मुलाखत-मुलाखत खेळू. पहिल्या दिवशी गोरमाटीत, दुसऱ्या दिवशी मराठीत, इंग्रजी तिसऱ्या दिवशी. मुलाखत घ्यायला मला जोडीला कोणीतरी लागेल. दात पडलेल्याने आत्ताच हात वर केलाय.