नोंदवहीचे दोन लेखनिक

बँकेचा व्यवहार मध्यरात्रीं अडला, तर सकाळीं त्याचें कारण शोधावयाचें तें संगणकाच्या नोंदवहींत, म्हणजे 'लॉग'मध्यें. ती वहीच कोरी निघाली तर?

जावा भाषेंतील प्रोग्राम ज्या सर्व्हरांवर चालतात, तेथें असें घडतें. नोंदी लिहिणाऱ्या लायब्रऱ्या अनेक. लॉगफोरजे होतीच, २००२ सालीं जावानें स्वतःची आणली, पुढें लॉगबॅक आली. यांच्यांत एसएलएफफोरजे हा मध्यस्थ बसवितात. आपण एकच लेखनिक नेमतों. पण भलत्याच कामासाठीं आणलेल्या लायब्ररीच्या पदराआडून दुसरा घरांत शिरतो. मध्यस्थ तशी सूचना देतो खरा, आणि दोघांपैकीं कोणा एकास निवडून मोकळा होतो. आपले नियम पहिल्यासाठीं, लेखणी दुसऱ्याच्या हातीं!

कधीं दोन उलट पूल बसतात: एक लॉगफोरजेच्या नोंदी मध्यस्थाकडे धाडतो, दुसरा मध्यस्थाच्या लॉगफोरजेकडे. तीच नोंद येरझाऱ्या घालून स्टॅक भरावयाचा; तें टाळण्यासाठीं हल्लींच्या आवृत्त्या आधींच त्रुटि दाखवून थांबतात.

अशा वेळीं आणखी एक लायब्ररी घालण्याची घाई होते. माझ्या मतें ती व्यर्थ. मेव्हनकडून अवलंबनांचा वृक्ष मागावा, आगंतुक कोणामागून आला तें पाहावें व त्यास तेथेंच वगळावें. टॉमकॅट प्रथम प्रोग्रामच्या पदरचें सामान पाहतो. वाइल्डफ्लाय स्वतःची नोंदव्यवस्था पुढें करतो, ती नको असल्यास तसें लेखी कळवावें लागतें.

डिसेंबर २०२१ मध्यें लॉगफोरजेंतील मोठें भगदाड जगजाहीर झालें. दुरुस्त आवृत्ति लवकरच हातीं आली. पण एका पेटींत दुसरी, तींत तिसरी, अशा दडलेल्या जुन्या प्रती हुडकण्यांतच कित्येकांचे दिवस गेले.