कुठं निघालात बायांनो?

(कराड येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय ‘सायकल सहल : एक अनुभव’. त्यातला ‘सहल’ हा शब्द संयोजक मैत्रिणींना जरा अडचणीचा वाटला. फोनवर एकीनं सुचवलं, ‘जनजागरण यात्रा’ म्हणू या का? मी म्हटलं, नको. आम्ही अकराजणी जानेवारीत सहा दिवस सायकलवर हिंडलो, ते कुणाला जागं करायला नव्हे. नायगाव ते सांगली, मोठा रस्ता जमेल तिथं टाळून, वाटेतली जुनी ठिकाणं बघत. एवढंच.

आणि हे ‘एवढंच’ सांगणंच सगळ्यात अवघड गेलं. बाई घराबाहेर पडते तेव्हा तिला कारण लागतं. माहेर, दवाखाना, देव, बाजार, फार तर बचत गटाची मीटिंग. २०२३ पासून एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालंय, चांगलंच झालं. पण कारण मात्र पूर्णच द्यावं लागतं. वाटेत प्रत्येक गावात पारावरून प्रश्न यायचा, ‘कुठं निघालात बायांनो?’ बघायला निघालोय, म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘कुणी पाठवलंय?’ त्याहून पुढचा, ‘पैसे किती मिळतात?’ खोटं कशाला बोलू, आपल्या संस्थांचंही असंच असतं. उद्दिष्ट काय, लाभार्थी किती, निष्पत्ती काय. तो रकाना आम्ही रिकामा ठेवला.

सुरुवात खंडाळा तालुक्यातल्या नायगावहून. सावित्रीबाईंचा जन्म इथला, ३ जानेवारी १८३१ चा. त्या दिवशी तिथं मोठी गर्दी असते, आम्ही मुद्दाम नंतर गेलो. त्यामुळं घर निवांत बघता आलं. चूल, जातं, ओटा. आमच्यातली एक म्हणाली, नऊ वर्षांची पोर इथून लग्न होऊन गेली आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळेत शिकवायला उभी राहिली, मधली आठ वर्षं कशी गेली असतील गं? पाठ्यपुस्तकात ती आठ वर्षं एका ओळीत संपतात.

आमच्या अकरा सायकलींतल्या सात पुरुषांच्या, मधे दांडी असलेल्या. तीन शाळकरी मुलींकडून मागून आणलेल्या. साडी नेसून दांडीच्या सायकलवर टांग टाकणं ही स्वतंत्र विद्या आहे. दोघींनी पहिल्याच दिवशी पंजाबी ड्रेस घातला, एकीनं नऊवारीसारखा काष्टा मारला आणि सगळ्यांच्या पुढं गेली. खंबाटकीचा घाट आम्ही सरळ ढकलत चढलो. बाजूनं ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. त्यातले काही कौतुकानं आणि काही नेहमीसारखे.

आता वाटेतल्या ठिकाणांबद्दल. गाईडबुकात असतं ते सगळं बघितलं, वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा. पण आम्हाला सगळ्यात आवडली ती लिंबची बारा मोटांची विहीर. विहीर कसली, जमिनीखालचा वाडाच. आत जिना, पूल, वर मोटा चालायची जागा, खाली गार सावली. शिलालेख सांगतो की ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. गावातला एक मुलगा आम्हाला ‘शाहू महाराजांची विहीर’ म्हणून दाखवत होता. आम्ही त्याला लेखातलं नाव विचारलं, तर म्हणाला, ‘हां, बाईचं नाव आहे त्याच्यावर.’ नाव दगडात कोरलेलं असलं तरी बोलण्यात उतरत नाही, त्याला काय करायचं?

माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम. तिथं शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे, ती सगळ्यांना ठाऊक. येसूबाईंची समाधीही माहुलीतच दाखवतात, ती मात्र विचारत विचारत शोधावी लागली. १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हापासून १७१९ पर्यंत ही बाई मोगलांच्या कैदेत होती. जवळजवळ तीस वर्षं. आणि याच सातारच्या गादीचा दुसरा इतिहास असा की १७४९ मध्ये शाहू वारल्यावर राणी सकवारबाई सती गेल्या. वारसाच्या राजकारणात त्या अडचणीच्या ठरल्या होत्या आणि त्यांना त्या टोकाला ढकललं गेलं, असं इतिहासकार लिहितात. घाटावर बसून आम्ही यावर बराच वेळ बोललो. रूपकुंवरचं १९८७ चं प्रकरण आठवणाऱ्या आमच्यात दोघीच होत्या, बाकीच्यांना ते सांगावं लागलं.

कोरेगाव सोडलं की रस्ता चढउताराचा होतो. वर्धनगड उजाड उभा, मग पुसेगाव, मग फुल्यांचं मूळ गाव कटगुण. माळ, ज्वारी, परत माळ. चढाला धाप लागते आणि उताराला पाय न मारता सायकल पळते. चाळिशीतल्या बायका त्या उतारावर ओरडत होत्या, अक्षरशः ओरडत. रानात ऐकायला कोण होतं!

औंधला मात्र वेगळंच झालं. संध्याकाळी आमच्यातल्या एकीचा दीर मोटारसायकल घेऊन हजर. नवऱ्याचा निरोप होता, ‘आत्ता आली नाही तर येऊच नको.’ दीर आवाज चढवून बोलला नाही. ‘वहिनी, चला, उगा तमाशा नको,’ एवढंच. आम्ही रात्री नऊपर्यंत बसलो. कुणी म्हणालं जाऊ नकोस, बघू काय करतो. कुणी म्हणालं, बघायला आपण तिथं नसणार. दोन पोरं, घर नवऱ्याच्या नावावर. सांगली जिल्ह्यात परित्यक्ता बायकांची चळवळ उभी राहिली ती अशाच एका वाक्यापासून सुरू झालेल्या हजार कहाण्यांमधून, हे तिला आमच्याइतकंच ठाऊक होतं. ती गेली. निर्णय तिचा होता आणि तो आम्हाला आवडला नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिची सायकल उरलेले दिवस टेंपोतून सामानाबरोबर आली.

औंधचं संग्रहालय दुसऱ्या दिवशी बघितलं, पण कुणाचं मन नव्हतं.

तिथून पुसेसावळी, कडेगाव, हणमंतवडिये. हे हौसाताई पाटलांचं गाव. क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी, एवढीच ओळख त्यांना पुरी पडत नाही. २०२१ मध्ये, पंचाण्णव वर्षांच्या होऊन त्या गेल्या. प्रतिसरकारच्या काळातला त्यांचा भवानीनगरचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोचं भांडण रंगवलं, नवरा झालेला साथीदार त्यांना मारतोय, दगड उचलतोय. पोलीस सोडवायला बाहेर आले, तोवर बाकीच्यांनी आतली हत्यारं पळवली. साथीदारानं जरा जास्तच जोरात मारलं, अशी त्यांची तक्रार होती! आम्ही हसलो, मग गप्प झालो. भररस्त्यात बाईला मारणं इतकं नेहमीचं दृश्य, की तेच सोंग म्हणून सगळ्यात खपेल असं वाटलं. आणि ते खपलं. फरक इतकाच की आज खरा मार खाऊन चौकीत गेलेल्या बाईला बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पुढं सागरेश्वर, कुंडल आणि किर्लोस्करवाडी. सायकलवर निघालेल्या बायकांनी किर्लोस्करवाडीला थांबायलाच हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धंदा १८८८ मध्ये बेळगावात सुरू झाला तो सायकलींपासून. नंतर १९१० मध्ये औंध संस्थानच्या या माळावर कारखाना आला, आणि इथूनच १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं. आमच्यातल्या एकीची आजी ते मासिक माळ्यावर लपवून वाचायची.

कुंडलच्या अलीकडं ऊसतोडीच्या बायका भेटल्या, बीडकडच्या. पहाटे चारपासून फडात. त्यांनी आमच्या सायकलींकडं पाहिलं आणि एकीनं विचारलं, ‘पाळी आली तर काय करता?’ सरळ कामाचा प्रश्न. आमच्याकडं उत्तर होतं, थांबतो. तिच्याकडं ते नव्हतं. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. हिंडण्यावर बोलताना ही बाई मला विसरता येत नाही.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेबरोबर बायकांना सायकल शिकवली, हजारो खेड्यांतल्या बायका शिकल्या. बिहारनं २००६ पासून मुलींना सायकलला पैसे दिले. आपल्याकडंही मुली शाळेला सायकलनं जातात. पण पुढं? लग्न ठरलं की सायकल धाकट्या भावाला, आणि ती नवऱ्याच्या मागं डबल सीट. आमच्यातल्या सहाजणी दहावीपर्यंत रोज सायकल चालवायच्या, आणि नंतर पंधरा-वीस वर्षं हातही लावला नव्हता.

औंधहून परत गेलेली मैत्रीण बरी आहे. गटाच्या मीटिंगला येते, त्या विषयावर बोलत नाही. सायकल आमच्या ऑफिसात आहे, हवा भरून ठेवतो.

येत्या हिवाळ्यात तासगावकडून निघायचं ठरतंय. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नावं द्या. सायकल नसेल तर मिळवू. प्रत्येकीनं एक जादा ट्यूब आणायची आणि पंक्चर काढायला शिकून यायचं. गेल्या वेळी दोघींनाच येत होतं, आणि बाकीच्या नऊजणी घमेल्यातले बुडबुडे बघत बसायच्या.