‘मानवी चूक’ हा शेवटचा शब्द नव्हे

(‘हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण आणि उड्डाणसुरक्षा’ या विषयावर व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



८ डिसेंबर २०२१ हा दिवस आपणांपैकी कोणीही विसरलेला नसेल. देशाचे पहिले संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी मधुलिका आणि अन्य बारा जण यांना घेऊन वायुदलाचे ‘एमआय-१७ व्ही ५’ हेलिकॉप्टर सुलूरच्या हवाई तळावरून वेलिंग्टनकडे निघाले होते. उतरण्यास अवघी काही मिनिटे उरली असताना निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूरजवळ ते कोसळले. तेरा जण त्याच दिवशी गेले. ग्रुप कॅप्टन वरुण सिंह यांनी आठवडाभर मृत्यूशी झुंज देऊन १५ डिसेंबरला प्राण सोडले.

त्या आठवड्यात घरोघरी एकच चर्चा होती. घातपात असेल का? शत्रूचा हात असेल का? एवढे मोठे सेनानी, इतके भरवशाचे यंत्र, इतके निष्णात वैमानिक. मग हे घडले कसे? जनतेचा संशय स्वाभाविक होता, कारण दुःख मोठे होते. परंतु तिन्ही दलांच्या संयुक्त चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्यांत यांत्रिक बिघाड, घातपात आणि हलगर्जीपणा या तिन्ही शक्यता नाकारल्या होत्या. दरीतील हवामान अनपेक्षितपणे बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे दिशाभान हरपले आणि सुस्थितीतील यंत्र डोंगरावर आदळले, असा तो निष्कर्ष होता. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात या अपघाताच्या कारणापुढे ‘मानवी चूक’ अशी नोंद झाली.

हे दोन शब्द वाचून अनेकांना वाईट वाटले. देशासाठी उड्डाण करताना प्राण गमावलेल्या वैमानिकाच्या माथी चूक मारणे हा त्याचा अवमान नव्हे काय, असा प्रश्न विचारला गेला. आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे. माझे नम्र मत असे की, ‘मानवी चूक’ या शब्दांपाशी आपण थांबलो, तर तो अवमान खराच आहे. तेथून पुढे शोध घेतला, तर मात्र त्या चौदा जणांना वाहिलेली ती खरी श्रद्धांजली ठरेल.

इंद्रियांचे घोडे

कठोपनिषदातील रथाचे रूपक आपणांस परिचित आहे. शरीर हा रथ, बुद्धी ही सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे. ढगात शिरलेल्या वैमानिकाची अवस्था समजून घेण्यास याहून नेमके रूपक मला सापडलेले नाही.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की हा द्रव किंचित मागे राहतो आणि ‘आपण वळत आहोत’ असा संदेश मेंदूला जातो. जमिनीवर चालणाऱ्या माणसासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. आकाशात मात्र तिच्या दोन मर्यादा उघड्या पडतात. वळण अगदी सावकाश असेल, तर ते जाणवतच नाही. आणि एकच वळण वीसेक सेकंद चालू राहिले, तर द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि आपण सरळ जात आहोत असे वाटू लागते. आता वैमानिकाने खरोखर सरळ होण्याचा प्रयत्न केला, की कान सांगतो, ‘तू उलट्या बाजूस झुकतो आहेस.’ कानाचे ऐकून तो पुन्हा मूळ वळणात शिरतो.

बाहेर क्षितिज दिसत असते, तोवर डोळे कानाची ही चूक सुधारतात. ढगाने क्षितिज पुसले, की सुधारणारे कोणी उरत नाही. समोरच्या तबकड्या सत्य सांगत असतात. पण सारे शरीर ओरडून असत्य सांगत असते. धैर्याचा येथे उपयोग नाही, कारण भीती वाटतच नसते. सर्व काही ठीक आहे असेच वाटत असते.

१९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. केवळ तबकड्यांवर विसंबून उडण्याचे प्रशिक्षण न घेतलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचे काही दिसू नये अशा स्थितीत विमान चालवावयास दिले. विसांपैकी वीस जणांचा ताबा सुटला. कोणाचा वीस सेकंदांत, कोणाचा चारशे ऐंशी सेकंदांत. सरासरी निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी.

अस्थिर वाहन, स्थिर मन

हा प्रयोग विमानाचा होता. हेलिकॉप्टर त्याहून अवघड. साधे विमान हात सोडला तरी काही काळ आपल्या मार्गाने जात राहते. स्वयंचलित साहाय्य नसलेले हेलिकॉप्टर क्षणभरही तसे राहत नाही. उजव्या हातातील दांड्याने त्याचा कल सांभाळावयाचा, डाव्या हातातील तरफेने उंची, दोन्ही पायांनी शेपटीचा पंखा. आणि यांपैकी एक हलविले की बाकीची दोन्ही सावरावी लागतात. नवशिक्या विद्यार्थ्याला जमिनीपासून काही फुटांवर हेलिकॉप्टर एका जागी स्थिर धरण्यातच कित्येक तास घालवावे लागतात.

इंजिन बंद पडल्यास हेलिकॉप्टर दगडासारखे पडते, हा एक लोकप्रिय गैरसमज. प्रत्यक्षात डाव्या हाताची तरफ तत्काळ खाली केली, तर खालून वर येणारी हवाच पंखा फिरवीत ठेवते. जमिनीजवळ येताच तरफ वर ओढून त्या फिरण्यातील ऊर्जेवर अलगद उतरता येते. पण ‘तत्काळ’ याचा अर्थ लहान हेलिकॉप्टरमध्ये एक-दोन सेकंद एवढाच. विचार करून निर्णय घेण्याइतका तो अवधी नाही. म्हणूनच ही कृती हाताच्या अंगवळणी पडेपर्यंत पुनःपुन्हा करवून घेतात.

आपल्या महाराष्ट्राला या प्रशिक्षणाची परंपरा लाभली आहे. नाशिकला २००३ पासून लष्कराचे ‘कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल’, म्हणजेच ‘कॅट्स’, कार्यरत आहे. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक याच संस्थेतून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. ‘चीता’ आणि ‘चेतक’ या हेलिकॉप्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या वैमानिक घडविले. सियाचिनच्या बर्फात रसद पोहोचविणारे आणि जखमी जवानांना खाली आणणारे वैमानिक याच वाहनांवर तयार झाले.

हाताचे कौशल्य हा प्रशिक्षणाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग मनाचा. ढग समोर दिसताच परत फिरावे, हे सांगण्यास सोपे आहे; पण मुक्काम पाच मिनिटांवर आला असताना परत फिरणे फार कठीण असते. जितके जवळ जावे, तितका पुढे जाण्याचा मोह वाढतो. म्हणून अनुभवी शिक्षक शिष्यांना सांगतात, की परत फिरण्याची मर्यादा जमिनीवर असतानाच ठरवा. दृश्यता इतकी घटली, ढग इतके खाली आले, तर फिरायचे. आकाशात त्यावर नव्याने चर्चा नाही. आणि हेलिकॉप्टरला तर एक वरदानच आहे. ते शेतात उतरू शकते, मैदानात उतरू शकते. वाट पाहण्याची सोय अन्य कोणत्याही विमानाला इतकी नाही.

दडपण कोणाचे?

२६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात ख्यातनाम बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचे हेलिकॉप्टर धुक्यात टेकडीवर आदळले. नऊ जण गेले. आपण ढगांच्या वर जाण्यासाठी चढत आहोत, असे वैमानिकाने नियंत्रकाला कळविले. प्रत्यक्षात त्या क्षणी यंत्र डावीकडे वळत खाली येत होते. कान कसा फसवितो, याचे हे दुःखद उदाहरण होय.

अमेरिकेच्या चौकशी मंडळाने पुढे आणखी एक गोष्ट नोंदविली. उड्डाण पूर्ण करण्यासाठी प्रवाशांनी किंवा कंपनीने वैमानिकावर दडपण आणल्याचा पुरावा मिळाला नाही. दडपण होते, ते बहुधा त्याने स्वतःच स्वतःवर घातलेले. नेहमीचे, नामवंत, आपल्यावर विश्वास टाकणारे प्रवासी. त्यांना निराश कसे करावे? शब्द पाळण्याची वृत्ती हा सद्गुणच; पण अस्थानी आला, तर तोही जीवघेणा ठरतो.

दडपणाचा दुसरा प्रकार कनिष्ठाच्या जिभेवर असतो. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानात कनिष्ठ अभियंत्याने शंका विचारली होती, की समोरचे विमान अद्याप धावपट्टीवर तर नाही ना? ज्येष्ठ कप्तानाने ती झटकून टाकली. अशा अपघातांतून १९७९ मध्ये ‘नासा’च्या पुढाकाराने एक विचारमंथन झाले आणि त्यातून वैमानिकांच्या प्रशिक्षणात नवी शाखा आली. कनिष्ठाने स्पष्ट बोलावे, ज्येष्ठाने ते ऐकावे, आणि शंका म्हणजे अवज्ञा नव्हे, हे तीत रीतसर शिकविले जाते.

आपण शिस्तीला मानणारे लोक आहोत. वडीलधाऱ्यांचा मान राखतो, आणि ते योग्यच आहे. पण धोका दिसत असताना गप्प बसणे हा मान नव्हे, हे आपल्या घरांत आणि संघटनांतही रुजावयास हवे. ज्येष्ठाचा मोठेपणा त्याला किती जण निर्भयपणे ‘थांबा’ म्हणू शकतात, यावरून मोजावा.

दोषी कोण, की कारण काय?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांची उपमा भोके असलेल्या चीजच्या कापांशी दिली. सुरक्षेचा प्रत्येक थर म्हणजे एक काप, आणि प्रत्येकात कोठे ना कोठे भोक असतेच. एकाचे भोक दुसरा झाकतो. सारी भोके एका रेषेत आली, की अपघात होतो. वैमानिक हा त्यांतील शेवटचा काप. हवामानाची माहिती, मार्गाची निवड, विश्रांतीचे तास, उपकरणे, वेळापत्रक हे सारे थर त्याच्या आधीचे. शेवटच्या माणसावर बोट ठेवून फाईल मिटली, तर आधीची भोके तशीच राहतात आणि पुढच्या वैमानिकाची वाट पाहतात.

म्हणूनच अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांनी आपल्या चुका गोपनीयपणे कळविण्याची व्यवस्था आहे. ती परवाना देणाऱ्या संस्थेकडे नसून ‘नासा’कडे आहे. शिक्षा करणाऱ्याच्या हाती कबुलीजबाब कोण देणार? थोडक्यात टळलेला अपघात ही फुकट मिळालेली शिकवण असते. भीतीपोटी ती दडपली, की पुढे तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

आणि माणूस हा केवळ चुकांचा धनी नव्हे. कुन्नूरच्या हेलिकॉप्टरमध्ये असलेल्या वरुण सिंह यांचेच पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘तेजस’ विमान उडविताना त्यांच्या विमानाची नियंत्रण यंत्रणा बिघडली. विमान वेगाने खाली येऊ लागले. विमान सोडून उडी घेण्याची मुभा असतानाही त्यांनी चित्त स्थिर ठेवून ताबा मिळविला आणि विमान सुखरूप उतरविले. त्यासाठी त्यांना शौर्यचक्र मिळाले. यंत्र चुकले तेव्हा माणसाने वाचविले, हाही ‘मानवी घटक’च होय.

आपले कर्तव्य

आपणांपैकी फार थोडे जण वैमानिक असतील. प्रवासी मात्र अनेक जण आहेत. केदारनाथाच्या दर्शनाला आज हजारो कुटुंबे हेलिकॉप्टरने जातात. साडेतीन हजार मीटरहून अधिक उंची, विरळ हवा, अरुंद दरी आणि घटकेत पालटणारे आकाश असा तो मार्ग आहे. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी तेथे सात जण गेले. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडाजवळ पुन्हा सात जण गेले. त्यांत महाराष्ट्रातील यात्रेकरू होते, एक लहान मूल होते. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी पुण्याजवळ बावधनला धुके असताना हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा अंत झाला.

म्हणून एवढेच मागणे आहे. उड्डाण रद्द झाले, तर खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका. ‘परतीचे आरक्षण आहे’, ‘आजच दर्शन हवे’ असे वैमानिकाच्या कानावर घालू नका. पुढाऱ्यांच्या दौऱ्यांची आखणी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हेलिकॉप्टरच्या प्रत्येक कार्यक्रमाला रस्त्याचा पर्याय ठेवावा आणि सभा रद्द झाली, तर ती निमूटपणे रद्द होऊ द्यावी. जो वैमानिक ‘आज नाही’ असे म्हणतो, त्याचे मनापासून आभार माना. त्याने काय वाचविले, हे कधीच कोणाला कळत नाही. न झालेल्या अपघाताची बातमी छापून येत नाही.

आणि पुढे कधी चौकशीच्या अहवालात ‘मानवी चूक’ हे शब्द वाचलेत, तर संतापून कागद बाजूला ठेवू नका किंवा गेलेल्या वैमानिकाला नावेही ठेवू नका. त्यापुढचा प्रश्न विचारा: ही चूक घडण्यास कोणकोणती दारे उघडी होती, आणि त्यांतील किती आता बंद झाली?